निवडून आलेली खुर्ची

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आरसीपी२ नावाची एक खुर्ची आहे. आकार अगदी साधा. लहान मुलाला खुर्ची काढायला सांगितली तर तो काढेल तशी. जाड, सपाट शीट कापून एकमेकींना जोडल्यात. वळणं नाहीत, नक्षी नाही, गादी नाही. नजर अडकते ती पृष्ठभागावर, कारण शीटभर लाल, निळे, पिवळे, हिरवे ठिपके विखुरलेत. हे ठिपके म्हणजे शाम्पू आणि डिटर्जंटच्या रिकाम्या बाटल्यांचे तुकडे. जेन अ‍ॅटफील्ड या डिझायनरने १९९२ साली, रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत असताना, ही खुर्ची केली.

मी ती फोटोतच पाहिली आहे. पण पुनर्वापराच्या प्लॅस्टिकपासून फर्निचर आणि दिवे करण्याचा इतिहास वाचायला घेतला तो या फोटोमुळे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे सवयीने माझं लक्ष खुर्चीवरून तिच्या आधीच्या पायऱ्यांकडे गेलं. बाटली फेकली गेली आणि शीट तयार झाली, या दोन घटनांच्या मध्ये नेमकं काय घडलं? डिझाइनच्या पुस्तकांत हा मधला भाग एका वाक्यात आटोपतो: बाटल्या गोळा करून, वर्गीकरण करून, वितळवल्या. या लेखात मला त्या वाक्याबद्दल बोलायचंय.

हस्तिदंतापासून मांडवापर्यंत

गंमत अशी की प्लॅस्टिकची सुरुवात झाली ती दुर्मीळ गोष्टींना पर्याय म्हणून. एकोणिसाव्या शतकात बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. हस्तिदंत महाग आणि हत्ती मोजके. त्याला पर्याय शोधताना अमेरिकेत जॉन वेस्ली हयात १८६९च्या सुमारास सेल्युलॉइडपर्यंत पोचला. १९०७ साली लिओ बेकलँडने बेकेलाइट तयार केलं. ते पूर्णपणे कृत्रिम असलेलं पहिलं प्लॅस्टिक. आजोबांच्या काळातला काळा टेलिफोन आणि विजेची काळी बटणं आठवा, ते बेकेलाइट.

फर्निचरच्या दृष्टीने खरी उलथापालथ १९५४ साली झाली. इटलीत ज्युलिओ नाट्टा यांच्या प्रयोगशाळेत स्फटिकासारखी शिस्तीत रचना असलेलं पॉलिप्रॉपिलीन तयार झालं. हलकं, चिवट, स्वस्त आणि साच्यात सहज ओतता येणारं. १९६३ साली नाट्टा यांना कार्ल झीग्लर यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये रॉबिन डे यांची पॉलिप्रॉपिलीनची खुर्ची बाजारात आली. पाय लोखंडी, पण बैठक आणि पाठ मिळून प्लॅस्टिकचा एकच तुकडा. शाळा, हॉस्पिटलं, सभागृहं, सगळीकडे ती पसरली.

मिलानमध्ये ज्युलिओ कास्तेल्ली या केमिकल इंजिनिअरने १९४९ साली कार्टेल ही कंपनी सुरू केली होती. कास्तेल्ली नाट्टांचाच विद्यार्थी. साठच्या दशकात जो कोलंबोने कार्टेलसाठी पूर्ण प्लॅस्टिकची खुर्ची केली. १९६७ साली व्हेर्नर पँटनची मागचे पाय नसलेली, एकसंध, वळणदार खुर्ची उत्पादनात गेली. सगळ्यांचं स्वप्न एकच होतं. एक साचा, एक पदार्थ, एक दाब आणि खुर्ची तयार.

ते स्वप्न जगाच्या कानाकोपऱ्यात पोचवलं ते मात्र यांच्यापैकी कुणी नाही. १९७२ साली फ्रान्समध्ये आँरी मासोने यांनी ‘फोतई ३००’ नावाची खुर्ची आणली. दोन मिनिटांच्या आत एक खुर्ची साच्यातून बाहेर पडायची. आज जिला ‘मोनोब्लॉक’ म्हणतात तिची ही पूर्वज. मोनोब्लॉक हे नाव ओळखीचं वाटत नसेल, पण तुम्ही तिच्यावर बसलेला आहात. लग्नाच्या मांडवात, ग्रामसभेत, गणपतीच्या स्टेजसमोर, चहाच्या टपरीवर एकावर एक रचून ठेवलेल्या त्या पांढऱ्या किंवा लाल खुर्च्या, त्याच या.

या सगळ्या खुर्च्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या होत्या. १९७३च्या तेलसंकटात प्लॅस्टिक महागलं आणि युरोपातल्या डिझायनरांचा त्यातला रस ओसरला. तोवर जगभरच्या घरांत प्लॅस्टिकच्या वस्तू शिरल्या होत्या. वस्तू मोडल्यावर तिचं काय करायचं, हा प्रश्न साच्याच्या नकाशावर कुठेच नव्हता.

त्रिकोणातला आकडा

हाताशी पाण्याची बाटली असेल तर उलटी करा. तळाशी तीन बाणांचा त्रिकोण आणि त्यात एक आकडा दिसेल. बाणांचं चिन्ह १९७० सालचं. अमेरिकेतल्या एका पुठ्ठा कंपनीने स्पर्धा घेतली होती, ती गॅरी अँडरसन नावाच्या विद्यार्थ्याने जिंकली. त्यातले आकडे आले १९८८ साली, प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेकडून. १ म्हणजे पेट, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या. २ म्हणजे एचडीपीई, शाम्पू आणि डिटर्जंटच्या बाटल्या. ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे बाकी सगळं.

बाणांमुळे वाटतं की ही वस्तू पुन्हा वापरात येणारच. प्रत्यक्षात आकडा फक्त जात सांगतो. हो, जातच म्हणायला हवं, कारण ही सात कुळं एकमेकांत मिसळत नाहीत. एचडीपीई साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६०च्या आसपास, आणि पेटला लागतात २५० अंश. पेटच्या ढिगात पीव्हीसीचे थोडेसे तुकडे राहिले तर पेट वितळेपर्यंत पीव्हीसी जळतं, त्यातून आम्ल सुटतं आणि सगळा माल पिवळा, ठिसूळ होतो. दोन जाती एकत्र वितळल्या तरी बहुतेक वेळा त्या तेल-पाण्यासारख्या वेगळ्याच राहतात. थंड झाल्यावर जो तुकडा मिळतो तो जोडावरच मोडतो. खुर्ची केलीत तर बसणारा खाली.

आमच्या धंद्यात ‘गार्बेज इन, गार्बेज आउट’ अशी एक जुनी म्हण आहे. आत घाण डेटा घातला तर कितीही हुशार प्रोग्रॅम असो, बाहेर घाणच येणार. म्हणून कुठलंही मॉडेल बांधताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो डेटा साफ करण्यात. डेमोच्या दिवशी मात्र टाळ्या मॉडेलला मिळतात. प्लॅस्टिकच्या बाबतीत ही म्हण शब्दशः खरी आहे.

ठिपके, छापे आणि फ्रिज

आता अ‍ॅटफील्डच्या खुर्चीकडे पुन्हा बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. ठिपके अनेक रंगांचे आहेत, पण प्लॅस्टिक एकाच जातीचं आहे, एचडीपीई. ते कमी तापमानाला वितळतं, जाड शीटमध्ये नीट दाबलं जातं, सुतारी हत्यारांनी कापता येतं. रंग मिसळले तरी चालतात, जाती मिसळून चालत नाहीत. अ‍ॅटफील्डने रंग लपवले नाहीत, एकजीव करड्या लगद्यात बुडवले नाहीत. कचऱ्याला कचरा म्हणून दिसू दिलं. आज रिसायकल्ड प्लॅस्टिकच्या टेबलटॉपवर, दुकानांच्या भिंतींवर जी ठिपकेदार नक्षी फॅशन म्हणून दिसते, तिच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांतलं हे एक.

त्याच काळात जर्मनीत वेगळा प्रयोग चालू होता. तिथे १९९१ साली पॅकेजिंगचा कायदा आला. वेष्टन बाजारात आणणाऱ्यानेच ते परत घेण्याची व्यवस्था करायची. पाकिटांवर ‘ग्रीन डॉट’ हे हिरवं चिन्ह छापलं जाऊ लागलं आणि घरोघरचं वेष्टन वेगळं गोळा होऊ लागलं. त्यातून प्लॅस्टिकचे डोंगर उभे राहिले. बेअर आणि क्नेल या डिझायनरांच्या गटाने ते प्लॅस्टिक घेऊन खुर्च्या, दिवे आणि कपाटं केली. पिशव्या आणि वेष्टनं त्यांनी अशी दाबली की मूळचे रंग आणि छापे वस्तूवर दिसत राहावेत. बसताना आपण कशावर बसतोय हे विसरता येत नाही.

२०१०च्या आसपास नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या डिझाइन अकादमीत डिर्क व्हॅन्डर कोई या विद्यार्थ्याने कारखान्यातून निवृत्त झालेला एक रोबोटचा हात मिळवला. त्याच्या टोकाला वितळलेलं प्लॅस्टिक सोडणारं नळकांडं बसवलं. जिलबी पाडावी तशी रोबोट जाड धार सोडत जातो, थरावर थर चढतो आणि खुर्ची उभी राहते. थरांच्या रेघा तशाच ठेवलेल्या. नाव ‘एंडलेस’. कच्चा माल म्हणजे जुन्या फ्रिजच्या आतली अस्तरं. ही निवड बारकाईने बघा. फ्रिजचं अस्तर हा मोठा, एकाच जातीचा तुकडा असतो. रोबोटच्या आधी स्वच्छ माल आला, मग खुर्ची झाली.

त्याच वर्षी, २०१० साली, अमेरिकेतल्या एमिको कंपनीने कोका-कोलासोबत एक खुर्ची आणली. एमिको १९४४पासून अमेरिकन नौदलासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या खुर्च्या करत होती, त्यातलंही बरंचसं अ‍ॅल्युमिनियम पुनर्वापराचंच. नव्या खुर्चीचं नाव ‘१११ नेव्ही चेअर’, कारण एका खुर्चीत किमान १११ पेट बाटल्या जातात. मजबुतीसाठी काचतंतू आणि रंग मिसळतात, म्हणजे त्या बाटल्यांची पुन्हा बाटली होणार नाही. बाटल्यांचा आकडा थेट नावात आला ही युक्ती मला आवडते. पण त्या १११ बाटल्या टोपण, लेबल आणि पीव्हीसीपासून वेगळ्या करणाऱ्या हातांचा आकडा कुठल्याच नावात येत नाही.

माझ्या पिढीच्या सगळ्यात जवळचं नाव डेव्ह हॅकन्सचं. त्याच आइंडहोव्हनच्या अकादमीत २०१३ साली त्याने ‘प्रेशस प्लॅस्टिक’ हा पदवीचा प्रकल्प केला. प्लॅस्टिकचा चुरा करणारं मशीन, वितळवून धार काढणारं मशीन, साच्यात ढकलणारं मशीन आणि दाबून शीट करणारं मशीन. सगळ्यांचे नकाशे इंटरनेटवर फुकट. कुणीही उतरवून घ्या, वेल्डरकडे न्या, बांधा, सुधारा, सुधारणा परत वाटा. ओपन सोर्सचं तत्त्व जसंच्या तसं लोखंडात उतरलं होतं. जगभर लोकांनी ही मशीनं बांधली, त्यांवर शीट काढल्या, स्टूल केली, दिव्यांच्या शेड केल्या.

ते नकाशे मी हौसेने बघितले. गिअर, मोटर, तापमानाचा कंट्रोलर, सगळं आहे. प्लॅस्टिक निवडण्याचं काम मात्र त्यातही डोळ्यांवर आणि हातांवरच सोपवलेलं.

दिवे

दिव्यांचा इतिहास थोडा वेगळा आहे, कारण तिथे काहींनी वितळवण्याचा टप्पाच टाळला.

ब्राझीलच्या उबेराबा शहरात आल्फ्रेडो मोझेर नावाचा मेकॅनिक होता. २००२च्या सुमारास वीज वारंवार जायची. त्याने दोन लिटरच्या बाटलीत पाणी भरलं, शेवाळ धरू नये म्हणून थोडं ब्लीच टाकलं, छपराला भोक पाडून बाटली अर्धी आत, अर्धी बाहेर बसवली आणि कडा सील केल्या. उन्हाचा किरण नुसत्या भोकातून सरळ खाली पडला असता. पाण्यातून वळून तो खोलीभर पसरतो. साधारण ४० ते ६० वॉटच्या बल्बइतका उजेड, बिल शून्य. २०११पासून फिलिपिन्समध्ये ‘लिटर ऑफ लाइट’ या चळवळीने हेच तंत्र वस्त्यावस्त्यांत नेलं. रात्री हा दिवा अर्थातच बंद, म्हणून पुढे त्यात सोलर पॅनल आणि एलईडीची भर पडली.

दुसरं उदाहरण कोलंबियातलं. स्पॅनिश डिझायनर आल्व्हारो कातालान दे ओकोन तिथे प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर काम करत होता. जपानी चहा घुसळायची बांबूची रवी एकाच बांबूला चिरा पाडून करतात, हे त्याच्या डोक्यात होतं. त्याने बाटलीचं तोंड आणि मान तशीच ठेवली आणि धड उभ्या पट्ट्यांत कापलं. विणकर त्या पट्ट्यांना ताणा मानून त्यात धागे विणतात. बाटलीच्या मानेत बल्बचं होल्डर आणि वायर बसते. तयार होते टोपलीसारखी शेड. जुन्या तापणाऱ्या बल्बजवळ पेट मऊ पडलं असतं. थंड राहणाऱ्या एलईडीमुळे हे जमून गेलं.

पहिल्या शेड विणल्या काउका भागातल्या एपेरारा-सियापिदारा या आदिवासी समाजातल्या कारागिरांनी. यादवी संघर्षामुळे गाव सोडून ते बोगोटात आले होते. दिव्यांच्या मालिकेला या समाजाचं नाव दिलं गेलं. मी वाचलेल्या उदाहरणांत वस्तूच्या नावात डिझायनरऐवजी करणारे हात दिसतात ते इथे.

आपल्याकडेही असं काम चालतं, पण त्याला डिझाइन म्हणायची रीत नाही. खोक्यांना बांधलेल्या पॅकिंगच्या पट्ट्या जमवून विणलेल्या बाजा गावोगाव दिसतात. कुठल्या म्युझियमने त्या घेतल्या तर खालच्या पाटीवर बहुतेक ‘कारागीर अज्ञात’ असं लिहिलं जाईल.

बादलीभर पाणी

गेल्या पावसाळ्याच्या आधी पुण्यात एका भंगाराच्या गोदामात गेलो होतो. निवडणं म्हणजे काय ते बघायचं होतं. पत्र्याच्या शेडखाली चार-पाच बायका बसल्या होत्या. त्यातल्या एकीच्या बुडाखाली पाय तुटलेल्या मोनोब्लॉक खुर्चीची नुसती बैठक होती, खाली विटा लावलेली. समोर ढीग, भोवती सात-आठ गोण्या. हात थांबत नव्हते. एक डबा उचलला, दाबला, डाव्या गोणीत. दुसरा उचलला, जमिनीवर आपटला, उजव्या गोणीत.

“मावशी, कसं कळतं?”

“वाजतंय ना ते.”

मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. मग तिने एका बाटलीचं टोपण फिरवून काढलं, बाटलीचा एक तुकडा कापला आणि दोन्ही बादलीत टाकले. टोपण तरंगलं, तुकडा बुडाला. “टोपण वर, बिसलरी खाली. एकत्र गेलं की शेठ भाव पाडतो.” तिने सांगितलं ते सगळं घनतेचं गणित आहे. पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई पाण्यापेक्षा हलकं, पेट आणि पीव्हीसी जड. काळ्या तुकड्याची शंका आली तर ती लायटरची ज्योत लावून वास घ्यायची. मेणबत्तीसारखा वास आला तर पॉलिथीन, नाकाला झोंबला तर पीव्हीसी. झोंबणारा तो वास म्हणजे आम्लाची वाफ, आणि ती दिवसभर तिच्या छातीत जात होती.

“तुम्ही काय करता, दादा?” तिने विचारलं.

“कॉम्प्युटरवर काम करतो.”

“म्हणजे बसूनच की आमच्यासारखं,” ती म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

युरोपातल्या मोठ्या प्रकल्पांत हे काम निअर-इन्फ्रारेड सेन्सर करतात. प्रत्येक प्लॅस्टिक तो प्रकाश वेगळ्या तऱ्हेने परतवतं, त्यावरून जात ओळखता येते. पण काळ्या प्लॅस्टिकमधली काजळी प्रकाश गिळून टाकते आणि सेन्सर आंधळा होतो. आता कॅमेरा आणि मशीन लर्निंगही आलंय. ते शिकवायला हजारो फोटोंवर कुणीतरी ‘ही पेट, ही एचडीपीई’ अशी लेबलं लावावी लागतात. म्हणजे तिथेही मुळाशी पुन्हा कुणाचं तरी निवडणंच.

या निवडण्याला काम म्हणून मान्यता मिळवण्याचा स्वतंत्र इतिहास आहे, आणि त्यात पुण्याचं नाव महत्त्वाचं आहे. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्यांनी नव्वदच्या सुमारास कचरावेचक बायकांसोबत काम सुरू केलं. १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने या बायकांचं अधिवेशन झालं आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. सभासद बहुतेक दलित स्त्रिया. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्ही शहराचा पैसा वाचवतो, कारखान्यांना कच्चा माल देतो, हे श्रम आहेत आणि आम्ही कामगार आहोत. त्यांना ओळखपत्रं मिळाली. रस्त्यावर चोर समजून हटकलं जाणाऱ्या बाईच्या हातात आता दाखवायला काहीतरी होतं. पुढे २००८ साली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली.

प्लॅस्टिकच्या जाती वेगळ्या करायचं काम माणसांच्या कुठल्या जातींवर येऊन पडलं, हा प्रश्न डिझाइनच्या इतिहासात येत नाही. मला वाटतं तो तिथेच यायला हवा, कारण आपल्याकडे शीटमधल्या जवळजवळ प्रत्येक ठिपक्याचा प्रवास त्याच हातांतून होतो.

पाटीवर काय लिहावं

खुर्च्यांनी प्लॅस्टिकचा प्रश्न सुटेल असा माझा दावा नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २०१५पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झालं आणि त्यातून झालेल्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुनर्वापरात गेला. प्रत्येक वितळवणीत प्लॅस्टिकच्या साखळ्या थोड्या तुटतात, माल उतरत जातो. त्यातल्या त्यात जाड खुर्ची बरी. पिशवी पंधरा मिनिटांत फेकली जाते, खुर्ची वीस वर्षं टिकू शकते. तेवढा काळ ते प्लॅस्टिक गटारात नसतं. हा फायदा खरा आहे, पण मर्यादित आहे.

त्यामुळे आता एखाद्या कॅफेत ठिपकेदार टेबल किंवा बाटलीची शेड दिसली की मी तीन गोष्टी विचारतो. हे कितव्या नंबरचं प्लॅस्टिक आहे? मोडल्यावर परत कोण घेणार? आणि माल कुणी निवडला, त्यांना किलोमागे काय मिळालं? पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा मिळतं. दुसऱ्याचं कधीकधी. तिसरा प्रश्न विचारला की समोरचा माणूस मॅनेजरला बोलावतो.

तुम्हीही विचारून बघा. दहा ठिकाणी विचारलं तर अकराव्या ठिकाणी कदाचित उत्तर तयार असेल. आणि घरी बाटली टाकताना टोपण वेगळं काढा. त्याने पृथ्वी वाचणार नाही, पण गोदामात बसलेल्या त्या मावशीचं मनगट एकदा कमी फिरेल.